फी माफ झाली, पण खानावळ?

१९७३ च्या उन्हाळ्यात आमच्या दौंड तालुक्यात प्यायला पाणी नव्हते, पण खडी फोडायला दगड भरपूर होते. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी वडिलांबरोबर दुष्काळी कामावर गेलो. त्या मजुरीतून कॉलेजची वह्या-पुस्तके घ्यायची, असा बेत होता.

फीची धास्ती नव्हती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ साली, वर्षाला ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांची फी माफ झाली होती. तीच ती ‘ईबीसी’. पुढे ती मर्यादा वाढत गेली. तलाठ्याचा दाखला हाती आला की निम्मी लढाई जिंकली, असे आम्हाला वाटे. पण फी सरकारने सोडली, खानावळवाला कसा सोडील?

दौंड जंक्शनचे गाव, म्हणून काही मुले पास काढून रेल्वेने पुण्याला जा-ये करीत. शिरूरला रेल्वे नाही. घोडनदीकाठच्या मुलाला नगर रस्त्याची एसटी, नाहीतर पुण्यात खोली आणि खानावळ.

हा पोटाचा प्रश्न जुनाच. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या अन्नावर मोठी माणसे घडली, हे खरेच. पण ती दारे बहुतेक ब्राह्मण मुलांपुरती उघडी होती. कुणब्याच्या किंवा दलिताच्या पोराला तिथे कोण पान वाढणार? म्हणून कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. इथे कोणाच्या दारात उभे राहायचे नव्हते. कुदळ हाती घ्यायची आणि ताठ मानेने जेवायचे. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणूनच.

मलाही कॉलेजात काम मिळाले. सकाळी बागेला पाणी, दुपारी ग्रंथालयातली पुस्तके झटकणे. खानावळीचे निम्मे पैसे त्यात सुटत. उरलेल्या निम्म्यासाठी आईने म्हैस विकली आणि सातवीतल्या माझ्या बहिणीची शाळा थांबली. ती मजुरीला जाऊ लागली. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. माझ्या शिक्षणाचा हिशेब सांगताना ही रक्कम मी पुष्कळ वर्षे धरतच नव्हतो.

तिची नात आता इंजिनिअरिंगला आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, त्यात तिचाही नंबर लागला. ती दौंडहून पास काढून पुण्याला जाते. डबा मात्र आजीच करून देते, पहाटे साडेचारला उठून.