पैसे कुणाच्या नावावर आले? चिपळूणच्या मनीऑर्डरची गोष्ट

आजचा भाग पैशांबद्दल आहे. शेअर बाजार नाही, बजेट नाही. घरात येणारी रोख रक्कम, एवढाच विषय. आणि गाव माझंच आहे, चिपळूण तालुक्यातलं.

ऑगस्ट 2024. राखीपौर्णिमेच्या तोंडावर लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले, 3 हजार रुपये. मी तेव्हा गावाला होतो. आत्या बाबांना राखी बांधायला आली ती पासबुक घेऊनच. खातं तिनं या योजनेसाठीच काढलेलं. ओटीवर बसून म्हणाली, "माझ्या नावावर पहिल्यांदाच पैसे आले बघ." आतून आजी म्हणाली, "पैसे आमच्याकडे पण यायचे गो. दर महिन्याला यायचे. पण नाव मामंजींचं."

आजीचं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण रोख पैसा ही काही कोकणाला नवी गोष्ट नाही. आपल्याकडे लोक म्हणायचेच ना, कोकण मनीऑर्डरवर जगतं म्हणून. तर ही मनीऑर्डर मुळात आली कशी आणि तिनं घरात नक्की काय बदललं, ते आज बघू.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. गावाचा सारा गोळा करून सरकारला भरायचा तो खोत. जमीन कसायचं कूळ. भाताच्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी निम्मं पीक खोताला द्यायचं, त्याला अर्धेल म्हणायचे. डोंगरउतारावरची वरकस जमीन, नाचणी-वरीची, तिच्यात तिसरा हिस्सा, म्हणजे तिर्धेल. उरलेलं धान्य पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरायचं नाही. मग वाण्याकडे उधारी, सावकाराकडे कर्ज. घरात कष्ट भरपूर, पण रोख रुपया दिसणं मुश्किल.

1850 च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातला माणूस तिकडे निघाला. आमच्या बाजूचे लोक गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीनं वाशिष्ठीतून खाली दाभोळला जायचे आणि तिथून आगबोटीनं मुंबईला. परळ, लालबाग, शिवडी. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण, पाळीपाळीनं झोपायचे. पगार हातात आला की पहिला प्रश्न, हा गावाला पोचवायचा कसा? कोणी गावाला निघालेला दिसला की त्याच्या हाती द्यायचे. तो वेळेवर पोचेल, सगळे देईल, याची खात्री काय?

1 जानेवारी 1880 पासून टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली. आता गंमत बघा, ही व्यवस्था गरिबाच्या किती सोयीची होती. मुंबईतल्या पोस्टात पैसे आणि फॉर्म भरायचा. इकडे पोस्टमन डोंगर चढून वाडीत यायचा आणि रोख रक्कम दारात मोजून द्यायचा. घेणाऱ्यानं सही करायची. सही येत नसेल तर अंगठा, सोबत साक्षीदार. फॉर्मच्या खाली छोटं कुपन, त्यावर चार ओळींचा निरोप. "लावणीला गडी लावा. बैलाचे पैसे देऊन टाका. गणपतीला येतो." बहुतेक घरांत तो निरोप पोस्टमनच वाचून दाखवायचा. यासाठी ना बँक लागली, ना दाखला, ना तालुक्याची फेरी.

आजोबा परळच्या एका गिरणीत होते. साठच्या दशकात ते महिन्याला चाळीस रुपये पाठवायचे. आजी आजही हिशेब सांगते. आधी वाण्याची उधारी, मग मीठ, रॉकेल, कापड, मग पोरांच्या पाट्या-पुस्तकं. दोन-तीन वर्षं थोडे थोडे बाजूला टाकून घरावरचं गवत काढलं आणि कौलं चढवली. आकड्यापेक्षा मोठी गोष्ट होती ती ठरलेल्या तारखेची. दहा तारखेच्या आसपास पोस्टमन येणार हे वाण्याला माहीत असायचं, म्हणून तो उधार द्यायचा. कर्ज काढायचं तरी फेडीचा भरवसा असायचा. येणाऱ्या पैशाची खात्री असली की माणूस महिन्यापुढचा विचार करतो.

आणि मला वाटतं, माणूस थोडा ताठ उभाही राहतो. 14 एप्रिल 1929 ला चिपळुणात रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय खोतीचा. पुढे सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. या लढ्याची कारणं बरीच आहेत. पण ज्या कुळाच्या घरात मुंबईहून रुपये येत होते, त्याला खोताच्या कणगीकडे बघत बसावं लागत नव्हतं, हेही त्यातलं एक असावं.

आता दुसरी बाजू. पुरुष मुंबईत, मग शेत कोणी केलं? बाईनं. लावणी, कापणी, गुरं, म्हातारी माणसं, सगळं तिच्यावर. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. हा आकडा काही लोक कौतुकानं सांगतात. त्याच्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांची ताटातूट आहे हे विसरू नका.

आणि एवढं करून मनीऑर्डरीवर नाव सासऱ्याचं. पैसे मामंजींच्या हातात, किल्ली सासूच्या कमरेला. आजीला डोक्याच्या तेलासाठीही मागावं लागायचं. घर सुधारलं, हे खरं. घरातल्या प्रत्येकाचं सारखं सुधारलं, असं नाही.

18 जानेवारी 1982. मुंबईतला गिरणी संप. नेते डॉ. दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार संपावर. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. आपण गिरणगावाचं काय झालं ते वाचतो. इकडे वाडीत काय झालं? पोस्टमन यायचा थांबला. वाण्यानं दोन महिने वाट पाहिली, मग हात आखडता घेतला. आजोबा ट्रंक घेऊन परतले. आत्या तेव्हा नववीत होती. बाबांची शाळा चालू राहिली, तिची बंद झाली. कोणी बसून ठरवलं नाही, ते आपोआपच ठरलं. पैसा आटला की पहिली कात्री कुठे लागते ते बघा.

पुढे 2015 मध्ये जुनी कागदी मनीऑर्डरही बंद झाली. तोवर पैसे खात्यात यायला लागले होते, आणि पाठवणाऱ्यात सरकारही आलं होतं.

22 जुलै 2021 चा महापूर चिपळूणकर विसरणार नाहीत. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत. आत्याचं घर नदीकडच्या बाजूला. कपडे, भांडी, धान्य, सगळं चिखलात. पंचनामा झाला आणि सरकारनं जाहीर केलेलं कुटुंबामागे 10 हजारांचं अनुदान आलं, काकांच्या खात्यात. मदत म्हणून लोकांनी ट्रकच्या ट्रक भरून जुने कपडे पाठवले होते, त्यांची मनं मोठी. पण गॅसची शेगडी, पातेली, औषधं हवी होती, ती रोख पैशांतूनच आली. काय हवंय ते त्या घरालाच माहीत असतं. तरी आत्या म्हणायची, "भांडी माझी गेली, पैसे ह्यांच्याकडे आले." काका वाईट नाहीत हो. पण मागावं लागतंच.

आता नेहमीचा आक्षेप. फुकट पैसे दिले की माणसं आळशी होतात, दारूत उडवतात. 2011-12 मध्ये सेवा संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातल्या 8 गावांत प्रयोग केला. प्रत्येक प्रौढाला महिन्याला आधी 200, नंतर 300 रुपये, मुलांना त्याच्या निम्मे, कसलीही अट नाही. शेजारच्या तशाच गावांशी तुलना केली. दारूचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. खाणं सुधारलं, शाळेवर खर्च वाढला, आणि लोक दुसऱ्याच्या मजुरीपेक्षा स्वतःच्या शेतात जास्त काम करू लागले. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं.

म्हणून सगळं छान आहे का? नाही. मनीऑर्डरमागे माणसाची मजुरी होती, योजनेमागे सरकारची मर्जी आहे. गिरणी बंद पडली तसा हप्ताही बंद पडू शकतो. शिवाय पोस्टमन दारात यायचा. आता आत्याला आधार जोडणी, केवायसी, बँकेची रांग. आणि महिना 1,500 रुपयांत गावात नोकरी येत नाही. पोरं आजही मुंबई-पुण्यालाच जातात.

पण त्या 3 हजारांचं आत्यानं काय केलं ते सांगतो. वाण्याची थोडी उधारी फेडली. आणि चष्मा केला. दोन वर्षं ती सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घेत होती, घरात कोणाला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?" म्हणाली, "मागायचं कशाला एवढ्यासाठी?"

आजीनं तिचा चष्मा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "माझ्या वयाला मिळतात का गो हे पैसे?" या योजनेत 65 च्या पुढे नाही मिळत, आत्यानं सांगितलं. आजी एवढंच म्हणाली, "ऱ्हावदे."

तर मंडळी, तुमच्या घरी मनीऑर्डर यायची का? कोणाच्या नावावर यायची? आजी-आजोबा असतील तर आजच विचारून घ्या. जुन्या ट्रंकेत एखादं कुपन सापडलं तर जपून ठेवा. भेटू पुढच्या भागात.