यराबामाची वासरे व खंडाळ्याचा टापा

प्राचीन इस्राएलांत मूर्तिपूजा नास्तिक्यातून क्वचितच उद्भवली. बहुधा ती समर्थनाच्या आश्रयाने शिरली. इ. स. पूर्व सुमारे ९३० मध्ये राज्य दुभंगल्यावर उत्तरेचा राजा यराबाम याने बेथेल व दान येथे सोन्याची वासरे स्थापिली. यरुशलेमची यात्रा प्रजेस कष्टाची पडते, हे त्याने सांगितलेले कारण. यात्रेकरूंची निष्ठा दक्षिणेच्या राजाकडे वळेल, हे मनातील भय. मिसरातून सोडविणारा देव तो हाच, असेही त्याने सांगितले. सिनाईत कुंतिलेत अज्रूद येथे १९७५-७६ च्या उत्खननात सापडलेल्या रांजणांवर याहवेबरोबर अशेरेच्याही नावे आशीर्वाद लिहिलेले आहेत. ग्रंथकार ज्यास आज्ञाभंग म्हणतात, तीच लिहिणारास भक्ती वाटत असावी.

हाच प्रश्न आपल्या कोकणातही उद्भवतो. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांस शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. बआलाच्या संदेष्ट्यांशी झगडलेला एलीया त्यांस परमपूज्य. अलिबागेजवळील खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या व घोड्याच्या खुणा उमटल्या अशी त्यांची श्रद्धा असून, तेथे नवस फेडताना पोह्यांचा मलिदा करितात. मूर्तिपूजेच्या वैऱ्याचे स्मरण शिळेपाशी व्हावे, हे प्रथमदर्शनी विसंगत दिसते. तथापि प्रार्थना शिळेस नसून एका देवास असते.

असेच समर्थन यराबामानेही केले असते, हे खरे. परंतु त्याच्या वासरांमागे सिंहासनाची चिंता होती. टाप्यामागे तशी कोणतीही सत्ता नाही. केवळ पाषाण पाहून निर्णय देऊ नये, हेतूही तपासावा.