ओझे, चढ आणि खडक: डिझेल की पेट्रोल पिकअप

अमेरिकेत मोठा पिकअप ट्रक घ्यायला निघालेला माणूस एका प्रश्नापाशी हमखास अडतो. डिझेल घ्यावा, की खडकाळ वाटांसाठी कारखान्यातूनच सज्ज होऊन येणारा पेट्रोल ट्रक? प्रश्न असा विचारला की उत्तर सापडत नाही, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. डिझेल की पेट्रोल हा इंजिनाचा प्रश्न. वाट डांबरी की दगडगोट्यांची, हा स्प्रिंगा, डिफरेन्शियल आणि टायर यांचा प्रश्न. गुंता आधी सोडवायला हवा.

त्यासाठी एकच उदाहरण नीट तपासतो: २०१९ ते २०२४ या काळातील रॅम २५००. याच ट्रकच्या एका रूपात ६.७ लिटरचे सहा सिलिंडरचे कमिन्स डिझेल इंजिन मिळे. पॉवर वॅगन या दुसऱ्या रूपात ६.४ लिटरचे आठ सिलिंडरचे हेमी पेट्रोल इंजिन, पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलवर लॉक होणारी डिफरेन्शियल, बटण दाबताच सुटा होणारा पुढचा स्वे बार, ३३ इंची टायर आणि बंपरमध्ये बसवलेली १२,००० पौंड ओढणारी विंच. पॉवर वॅगन हे नाव जुने आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या डॉजच्या लष्करी ट्रकांवरून १९४६ मध्ये या नावाचा ट्रक नागरी बाजारात आला. आणि कमिन्स हे नाव तर पुणेकरांना घरचेच. किर्लोस्कर कमिन्सची स्थापना १९६२ ची, आणि कोथरूडचा तो कारखाना पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या बोलण्यात आहे.

या काळात पॉवर वॅगनमध्ये कमिन्स मिळत नसे, आणि त्यामागचे कारण जागेचे होते. टर्बो डिझेलला आत येणारी दाबलेली हवा थंड करायला ट्रकच्या तोंडाशी मोठा इंटरकूलर लागतो, शिवाय मोठा रेडिएटर आणि त्यांच्यावर मोकळा वारा. विंचही नेमकी तिथेच बसते. २०२३ मध्ये आलेल्या रेबेल या रूपात डिझेल मिळू लागले, पण विंच हवी असेल तर पेट्रोल इंजिनच घ्यावे लागे, आणि पुढच्या एक्सलचे लॉकर कोणत्याच इंजिनाबरोबर नव्हते. ट्रकच्या तोंडाशी जागा मोजकी असते, आणि ती वारा घेणाऱ्या इंजिनाला द्यायची की चिखलातून ओढून काढणाऱ्या विंचला, हे ठरवावेच लागते. फोर्डने आपल्या मोठ्या पिकअपच्या ट्रेमर या रूपात २०२० पासून पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिने दिली. तिथे हा प्रश्न इतका टोकाचा उरत नाही.

आता इंजिन पाहू. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधी मिसळतात, मग ठिणगी पडते. हवा-इंधनाचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असल्याने ताकद कमी हवी असेल तर आत येणारी हवाच थ्रॉटलने अडवावी लागते, आणि त्या अडवण्यात शक्ती वाया जाते. डिझेल हवा अडवत नाही. सिलिंडर हवेने भरून ती इतकी दाबते की तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा आपोआप पेटतो. ताकद कमी-जास्त करायची ती फवारा कमी-जास्त करून. त्यातच डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. त्यावर टर्बो आणखी हवा कोंबतो, म्हणून कमिन्स मिनिटाला १,७०० फेऱ्यांवरच ८५० पौंड-फूट टॉर्क देते, तर हेमीला ४२९ पौंड-फूट द्यायला ४,००० फेऱ्यांपर्यंत चढावे लागते. मात्र अश्वशक्ती पाहिली तर पारडे उलटे: हेमी ४१०, कमिन्स ३७०. इथे बरेच जण गोंधळतात. चढावर वेग किती टिकेल हे अश्वशक्ती ठरवते. ती अश्वशक्ती किती फेऱ्यांवर आणि किती वेळ मिळत राहील, हा पुढचा प्रश्न, आणि डिझेलचा खरा गुण तिथे दिसतो.

हिशेब करून पाहू. कोलोरॅडोतला आय-७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्याशी ११,१५८ फुटांवर पोहोचतो, आणि शेवटच्या टप्प्यात चढ सात टक्क्यांच्या आसपास आहे. ट्रक, माणसे आणि नऊ हजार पौंडांचा ट्रेलर मिळून ७,२५० किलो वजन धरा, वेग ताशी ८० किलोमीटर. निव्वळ चढण्यासाठीच सुमारे १५० अश्वशक्ती लागते. वारा, टायरांचा रोध आणि गिअरमधला ऱ्हास धरला तर इंजिनाकडून २४० च्या आसपास हवी. समुद्रसपाटीवर दोन्ही इंजिनांना हे सहज जमेल. पण त्या उंचीवर हवा जवळजवळ तीस टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या हेमीची ४१० अश्वशक्ती तिथे २९० वर येते, आणि तीही पाच हजारांच्या वर फेऱ्या नेल्या तरच. २४० काढायची म्हणजे इंजिन सतत ओरडत ठेवायचे. टर्बो विरळ हवा पुन्हा दाबून घेतो, म्हणून कमिन्स तोच चढ अडीच हजार फेऱ्यांच्या आत शांतपणे चढते.

उतार मला चढापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण चढावर हरलात तर फक्त वेळ जातो. तोच ट्रेलर घेऊन ताशी ८० ने उतरायचे तर जवळजवळ ९० अश्वशक्ती सतत कुठेतरी जिरवावी लागते. ती ब्रेकमध्ये जिरवली तर डिस्क तापतात आणि मग पकडत नाहीत. बोगद्याच्या पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना रस्त्याकडेला ब्रेक सुटलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ बांधून ठेवले आहेत ते यासाठीच. पेट्रोल इंजिन थ्रॉटल बंद झाल्यावर स्वतःच थोडे आवरते. डिझेलमध्ये थ्रॉटल नसल्याने ते मूळचे फार मोकळे सुटते. म्हणूनच कमिन्सच्या टर्बोतली वाट आवळून एक्झॉस्ट अडवणारा ब्रेक दिलेला असतो, आणि तो एकदा वापरला की जड ट्रेलरवाल्यांना त्याशिवाय घाट उतरवत नाही. माझ्या मते डिझेलसाठी जादा पैसे मोजायचे सर्वांत सबळ कारण हा ब्रेक आहे.

पण ही सगळी बाजू डांबरावरची. युटातल्या मोआबच्या खडकांवर गणित बदलते. तिथे वेग माणसाच्या चालीचा असतो, आणि लो रेंजमध्ये इंजिनाची एक फेरी चाक किती थोडे फिरवते हे पाहायचे. पॉवर वॅगनचा पहिला गिअर ४.७१, ट्रान्सफर केसचा लो २.६४ आणि एक्सल ४.१० यांचा गुणाकार ५१ च्या आसपास येतो. सहा गिअरच्या डिझेलमध्ये ३.२३, २.६४ आणि ३.७३ यांचा गुणाकार ३२ पर्यंतच जातो. एक हजार फेऱ्यांवर पॉवर वॅगन ताशी तीन किलोमीटरने सरकते, डिझेल पावणेपाचने. चाकाशी पोहोचणारा एकूण टॉर्क डिझेलचाच जास्त, हे खरे. पण खडकावर टॉर्कची टंचाई कधीच नसते. टंचाई असते ती संथपणाची आणि पकडीची. एक चाक हवेत गेले की साधे डिफरेन्शियल सगळा जोर त्या रिकाम्या चाकात वाहू देते. लॉकर असेल तर जमिनीवरच्या चाकाला त्याचा वाटा मिळतो. सुटा झालेला स्वे बार पुढचा एक्सल वाकू देतो, म्हणजे मुळात चाक हवेत जाण्याचे प्रसंगच कमी. यातले काहीही इंधनावर अवलंबून नाही.

इंधनाचा संबंध येतो तो वजनातून. कमिन्सचे ओतीव लोखंडी इंजिन हेमीपेक्षा काही शे पौंडांनी जड आहे, आणि ते सगळे वजन पुढच्या एक्सलवर. वाळूत नाक रुतते, खड्ड्यात पुढच्या स्प्रिंगा आधी दबतात, आणि अडकलेला ट्रक काढायलाही तेवढे जड जाते. व्हाइट रिमसारख्या शंभर मैलांच्या कच्च्या वाटेवर, जिथे टायरांतली हवा कमी करून संथ जायचे असते, तिथे मी हलके नाकच निवडेन.

वजनाची दुसरी बाजू फारसे कोणी बोलत नाही, आणि फसवणूक नेमकी तिथे होते. रॅम २५०० मध्ये ट्रक आणि त्यावरचे सगळे मिळून एकूण वजन १०,००० पौंडांच्या आत ठेवले जाते. इंजिन जितके जड, तितकी माणसांना आणि सामानाला जागा कमी. त्यामुळे तोच ट्रक पेट्रोलचा असेल तर तीन हजार पौंडांच्या आसपास वाहतो आणि डिझेलचा असेल तर दोन हजारांच्या आसपास. ओढण्यात बलवान असलेला डिझेल ट्रक अंगावर वाहण्यात कमी पडतो. पॉवर वॅगनची वहनक्षमता तर आणखीच कमी, १,६०० च्या आसपास, कारण खडकांवर वाकण्यासाठी तिला मऊ स्प्रिंगा दिल्या आहेत. तिची ओढण्याची मर्यादाही सुमारे १०,५०० पौंडांवर थांबते, तर डिझेल २५०० वीस हजारांच्या जवळ जातो.

आता पैसा. आपल्या मनात डिझेल म्हणजे स्वस्त हे समीकरण पक्के बसले आहे, आणि त्याला कारण आहे. भारतात ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा दर सरकार ठरवत असे आणि तो पेट्रोलपेक्षा बराच खाली राहत असे. ही समजूत बरोबर घेऊन अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाने ती विमानतळावरच सोडावी. तिथे संघीय करच पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे, आणि पंपावरही डिझेल बहुतेक वेळा महाग असते. समजा पेट्रोल ३.२० डॉलर, डिझेल ३.८०, पेट्रोल ट्रक गॅलनला १३ मैल देतो, डिझेल १८. तर मैलामागे बचत साडेतीन सेंट. डिझेलसाठी साडेनऊ हजार डॉलर जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला दोन लाख सत्तर हजार मैल लागतात, म्हणजे वर्षाला पंधरा हजार मैल चालवले तर अठरा वर्षे. त्यातून बारा क्वार्ट ऑइल (हेमीला सात) आणि धूर स्वच्छ करायला लागणारे युरियाचे द्रावण वेगळे. विकताना डिझेलला भाव चांगला येतो, ती भर जमेस धरली तरी इंधनाच्या बचतीसाठी डिझेल घेणे या हिशेबात बसत नाही. सतत ट्रेलर ओढणाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण भाराखाली पेट्रोलचे ॲव्हरेज फारच कोसळते.

धुराच्या नियमांबद्दल थोडक्यात. २००७ पासून काजळी गाळणारी गाळणी आणि २०१० पासून युरियाची फवारणी जड डिझेलमध्ये आली. दोन-तीन मैलांच्या फेऱ्यांत गाळणी जळून साफ होण्याइतकी तापतच नाही आणि तुंबत जाते. युरियाचे द्रावण उणे ११ अंश सेल्सियसला गोठते. डिझेलही कडाक्यात दाटते, म्हणून पर्वतांत हिवाळ्यात वेगळे मिश्रण विकतात. ही यंत्रणा काढून टाकणे बेकायदा आहे, आणि फसवणुकीची किंमत कारखान्यांनाही मोजावी लागली आहे: २०१३ ते २०१९ च्या रॅम डिझेलमधल्या सॉफ्टवेअरबद्दल कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड कबूल केला. शाळा, दुकान, दफ्तर इतकाच रोजचा फेरा असेल त्याने डिझेल घेऊ नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

मग उरतो तो माणूस, ज्याला ट्रेलरही ओढायचा आहे आणि खडकही चढायचे आहेत. त्याने ब्रोशर बाजूला ठेवून चालकाच्या दाराच्या चौकटीवरचे लेबल वाचावे. त्यावर त्या विशिष्ट ट्रकची वहनक्षमता पौंडांत छापलेली असते. पॉवर वॅगनवर समजा १,६०० आहे. चार माणसांचे ६८० वजा केले की उरले ९२०. सात हजार पौंडांच्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकच्या मागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर येतो, म्हणजे ७०० ते १,०५०. दहा टक्क्यांचाच भार आला तरी उरतात २२०, आणि त्यात पाण्याचे कॅन, हत्यारे, बर्फाची पेटी आणि कुत्रा बसवायचा. पंधरा टक्के आला तर ट्रक अंगणातून निघण्याआधीच मर्यादेबाहेर.