तिलिस्मापासून विज्ञानकथेपर्यंत

परी, जिन्न, जादू किंवा परग्रहावरचे प्राणी यांच्या कादंबऱ्या वाचणे म्हणजे वेळेची नासाडी, अशी समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. ती रुजली कशी, हे पाहण्यासारखे आहे.

डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' (१८७४) या उर्दू कादंबरीत पश्चात्ताप झालेला बाप थोरल्या मुलाची पुस्तके जाळून टाकतो. १८५७ नंतर खचलेल्या समाजाला वळण लागावे, हा लेखकाचा हेतू प्रामाणिक होता. पण त्या आगीत आपली कल्पनाशक्तीही होरपळली, असे मला वाटते.

तरी वाचकांनी ऐकले नाही. १८८३ पासून लखनौच्या मुन्शी नवलकिशोर छापखान्यातून 'तिलिस्मे होशरुबा' निघू लागली. मुहम्मद हुसेन जाह यांनी ती लिहायला घेतली. ती ज्या अमीर हमजाच्या दास्तानीचा भाग आहे, तिचे पुढे ४६ खंड झाले. मला स्वतःला हमजापेक्षा अमर अय्यार जास्त आवडतो. त्याच्या झंबील नावाच्या थैलीत अख्खी दुनिया मावते आणि गलीम पांघरली की तो दिसेनासा होतो. हॅरी पॉटरचा अदृश्य करणारा झगा १९९७ साली आला. आपल्या वाचकाला त्याचे नवल वाटायचे कारण नव्हते.

दास्तानीचे खरे मर्म मात्र वेगळे आहे. तिलिस्म म्हणजे मोकाट जादू नव्हे. तो कोणीतरी बांधलेला असतो, त्याचे नियम ठरलेले असतात आणि तो कसा मोडायचा हे 'लौह'वर, म्हणजे पाटीवर, लिहिलेले असते. लौह न वाचता पुढे गेलेला शूरवीरही अडकतो. आधी नियम समजून घ्या, मग हात घाला, ही शिकवण विज्ञानापासून फार दूर नाही.

मराठीनेही हा खजिना दाराबाहेर ठेवला नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणल्या. १९०५ साली बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली. तिच्यात सूर्याची उष्णता वापरणाऱ्या आणि हवाई वाहने चालवणाऱ्या स्त्रिया राज्य करतात. एका पर्दानशीन मुस्लिम बाईने हे लिहिले, हे आपल्या मुलींना कळले पाहिजे. पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. त्यांच्या 'प्रेषित'मधली माणसे मला अमर अय्यारइतकी जिवंत वाटत नाहीत. पण विश्वाचे नियम न मोडता गोष्ट रंगवणे त्यांना साधले आहे.

आमच्या अचलपुरात इल राजा आणि लग्नाच्या पोशाखात लढायला आलेले दूल्हा रहमान यांची कथा आजही सांगतात. तिला इतिहास म्हणून वर्गात शिकवता येणार नाही. म्हणून ती विसरायचीही गरज नाही. तवारीख आणि दास्तान यांतला फरक ओळखायला शिकवले, की पुस्तक जाळावे लागत नाही. वऱ्हाडातल्या आपल्या मुलाजवळ उर्दू आहे आणि मराठीही आहे. होशरुबा आणि नारळीकर दोन्ही मूळ भाषेत वाचण्याची ही सोय फार थोड्यांच्या नशिबी असते.