म्हैसूर रस्त्यावरचा धुराचा स्वाद
बंगळुरूहून म्हैसूरला जाणाऱ्या रस्त्यालगत कंबीपुऱ्यात अमृत डिस्टिलरी आहे. म्हैसूर संस्थान नुकतेच भारतात सामील झाले होते, तेव्हा १९४८ साली राधाकृष्ण राव जगदाळे यांनी ही कंपनी सुरू केली. रम आणि ब्रँडी हा तिचा जुना व्यवसाय. सिंगल माल्ट व्हिस्की खूप उशिरा आली.

२४ ऑगस्ट २००४ रोजी संस्थापकांचे पुत्र नीलकंठ राव जगदाळे यांनी ती बाजारात आणली, तीही थेट ग्लासगोत! स्कॉच व्हिस्कीच्या घरात जाऊन परीक्षा द्यायचे हे धाडस दाद देण्याजोगेच.

पीटचा, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धकुजक्या वनस्पतींचा, धूर देऊन बार्ली वाळवली की व्हिस्कीत तो खास धुरकट वास उतरतो. अमृतच्या ‘फ्यूजन’मध्ये अशी स्कॉटिश बार्ली सुमारे चतुर्थांश असते. उरलेली भारतीय, धूर न दिलेली. दोन्हींची व्हिस्की आधी वेगवेगळ्या पिंपांत मुरते, मग एकत्र येते. समीक्षक जिम मरे यांनी आपल्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये फ्यूजनला १०० पैकी ९७ गुण दिले आणि जगात तिसरा क्रमांक.

या यशात हवामानाचा वाटा मोठा आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते. बंगळुरूच्या उष्ण, कोरड्या हवेत दहा टक्क्यांहून अधिक. बारा वर्षे थांबायचे तर पिंपात फारसे काही उरत नाही. पण तीच ऊब लाकडाचा स्वाद लवकर ओढून घेते, त्यामुळे चार-पाच वर्षांची ही व्हिस्की तिच्याहून कितीतरी जुन्या स्कॉचच्या शेजारी ताठ मानेने उभी राहते.