गुन्हेगारी मालिकांची ओळख पहिल्या पाच मिनिटांत

रात्रीची वेळ, ओसाड बंगला, जिन्यावरून येणारी पावले आणि मग एक किंकाळी. पुढच्याच दृश्यात पिवळी फीत, पांढऱ्या खडूने जमिनीवर काढलेली आकृती आणि रबरी हातमोजे घातलेले चार-पाच जण. एवढे दिसले की रिमोट हातात घेऊन वाहिन्या चाळणारा प्रेक्षक थांबतो. आपण कोणत्या प्रकारच्या गोष्टीत शिरलो आहोत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. दूरचित्रवाणीवरील गुन्हेगारी मालिकांचे अर्धे यश या तात्काळ पटणाऱ्या ओळखीत आहे.

ही ओळख एका दिवसात घडली नाही. अमेरिकेत १९५१ साली पडद्यावर आलेल्या ‘ड्रॅगनेट’ने प्रारंभीच कथा खरी असून केवळ नावे बदलल्याचे जाहीर करण्याची प्रथा रुजवली. त्यातील पोलीस अधिकारी कोरड्या, कचेरीच्या भाषेत बोलत. पुढे ‘कोलंबो’ने उलटा डाव टाकला. तेथे खुनी कोण हे प्रेक्षकाला आरंभीच कळते. उत्सुकता उरते ती अजागळ कोट घातलेला अधिकारी त्याला कसा पकडतो याची. २००० साली आलेल्या ‘सीएसआय’ने प्रयोगशाळेला नायकपद दिले आणि बंदुकीऐवजी सूक्ष्मदर्शक महत्त्वाचा ठरला.

भारतात दूरदर्शनवर हा प्रकार प्रथम व्यक्तिरेखेच्या बळावर उभा राहिला. १९८५ साली पंकज पराशर यांच्या ‘करमचंद’मध्ये पंकज कपूर यांनी गाजर चघळणारा गुप्तहेर रंगवला आणि सुश्मिता मुखर्जी यांची भाबडी किटी त्याच्या जोडीला आली. १९९३ साली बासू चटर्जी यांनी ‘ब्योमकेश बक्षी’ आणली. धोतर नेसणारा, स्वतःला गुप्तहेर न म्हणवता ‘सत्यान्वेषी’ म्हणवणारा हा नायक रजित कपूर यांनी इतक्या शांतपणे साकारला, की मारामारीची उणीव कोणालाच जाणवली नाही. दोन्ही मालिकांत पोलीस दुय्यम होते.

पोलिसांना केंद्रस्थानी आणण्याचे काम मराठीने आधी केले, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. मुंबई दूरदर्शनवरील बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मालिका पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरूनच नाव घेऊन आली होती. त्यात काम करणारे शिवाजी साटम पुढे याच दिग्दर्शकाच्या ‘सीआयडी’मध्ये एसीपी प्रद्युम्न झाले. सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे २० वर्षांहून अधिक काळ चालली. ७ नोव्हेंबर २००४ रोजी तिचा १११ मिनिटांचा भाग एकाच सलग चित्रीकरणात, मध्ये कोठेही न तोडता सादर झाला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली.

‘सीआयडी’चे आकर्षण मात्र विक्रमात नव्हते. हवेत बोटे फिरवून ‘कुछ तो गडबड है’ म्हणणारा वरिष्ठ, दार मोडणारा दया, संशयाने रोखून पाहणारा अभिजीत आणि एसीपींशी कायम खटके उडणारे डॉ. साळुंखे यांची पुनरावृत्ती हीच तिची ताकद होती. समीक्षकांनी तिची थट्टा केली. घराघरांतील मुलांनी दार मोडण्याचा खेळ केला. २००० नंतर सासू-सुनांच्या दैनंदिन मालिकांत कथा वर्षानुवर्षे लांबत असताना येथे खून, तपास आणि अटक बहुधा एका बैठकीत पूर्ण होई. मधला एखादा आठवडा चुकला तरी काही बिघडत नसे. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून खुनी ओळखण्याची पैज लावावी, असा तो सोपा डाव होता.

१९९८ मध्येच झी टीव्हीवर आलेल्या ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’ने वेगळी वाट धरली. तेथे फरारी आरोपी खरे होते आणि प्रेक्षकाकडूनच माहितीची अपेक्षा होती. २००३ साली सुरू झालेल्या ‘क्राइम पेट्रोल’ने घडलेल्या गुन्ह्यांचे नाट्यरूपांतर केले. निवेदक थेट प्रेक्षकाशी बोलतो आणि सावध राहण्यास बजावतो. येथे रंजनाला उपदेशाची जोड मिळते. शेजारी, भाडेकरू, घरातील नातेवाईक यांच्याकडे पाहण्याची नजर त्यामुळे सावध होते की नुसतीच संशयी, हा प्रश्न उरतोच.

खरी अडचण तपासाच्या चित्रणात आहे. पडद्यावर दयाची थप्पड बसते, आरोपी घडाघडा कबुली देतो आणि एसीपी त्याला फाशीची शिक्षा ऐकवून मोकळे होतात. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मधील हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ म्हणून कायम आहे. शिक्षा ठरवते ते न्यायालय, आणि तेथे पोहोचेपर्यंत वर्षे उलटतात. महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचे मुख्यालय तर पुण्यात आहे; मुंबईतील गंभीर गुन्ह्यांचा तपास बहुतांशी शहर पोलिसांच्या गुन्हे शाखेकडे असतो. अर्थात, मालिका म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. परंतु पोलीस कोठडीतील मारहाण हा विनोदाचा विषय होऊन बसतो, तेव्हा त्याची किंमत पडद्याबाहेर मोजावी लागते. अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम सर्वोच्च न्यायालयाला डी. के. बसू खटल्यात घालून द्यावे लागले, ते कोठडीतील मृत्यूंमुळेच.

प्रेक्षकाला या गुन्ह्यांतून हवी असते ती सुरक्षित अंतरावरची भीती आणि तिच्यावर ठरलेल्या वेळी मिळणारा उतारा. म्हणून दर भागात अनोळखी माणूस मेला तरी चालतो. तपास करणारा मात्र जगलाच पाहिजे. ‘सीआयडी’ २१ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिच्यात एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवण्यात आला. चाहत्यांचा संताप समाजमाध्यमांवर उसळला. शेरलॉक होम्सला १८९३ साली मारून आर्थर कॉनन डॉयल यांनीही वाचकांचा असाच रोष ओढवून घेतला होता आणि काही वर्षांनी त्याला परत आणले होते. प्रद्युम्न यांना इतकी वाट पाहावी लागली नाही. साटम त्याच वर्षी त्याच भूमिकेत परतले.