शेतघरावरचा देवळाचा त्रिकोण

युरोपातल्या जुन्या ग्रामीण हवेलीचे चित्र डोळ्यांपुढे आणले, की समोर उंच खांबांची रांग दिसते आणि खांबांवर टेकलेला बसका त्रिकोण. हे रूप मुळात घराचे नव्हेच, ते ग्रीक-रोमन देवळाचे. प्राचीन रोममध्ये राहत्या घरावर असा त्रिकोण चढणे ही लहान गोष्ट नव्हती. ज्युलियस सीझरच्या घराला तो लाभला तो सिनेटने बहाल केलेला, देवाला शोभावा असा मान म्हणून. मग तो गुराढोरांच्या, धान्याच्या कोठारांच्या शेजारी कसा येऊन बसला?

आरंभ फ्लोरेन्सजवळच्या पोज्जो आ कायानो इथे दिसतो. लोरेन्झो दे मेदिचीसाठी जुल्यानो दा सांगाल्लोने १४८०च्या दशकात आखलेल्या हवेलीच्या दर्शनी भागावर देवळासारखा त्रिकोण आहे. पण त्या एकट्या उदाहरणाची रीत झाली ती आंद्रेआ पल्लादिओमुळे.

पल्लादिओचा जन्म १५०८चा, पादुआ शहरातला. पोरवयातच तो पाथरवटाच्या हाताखाली लागला. पुढे व्हिचेन्झामधल्या जानजोर्जो त्रिस्सिनो या विद्वान उमरावाची नजर त्याच्यावर पडली, आणि १५४१ मध्ये पल्लादिओने पहिल्यांदा रोम पाहिले. तिथल्या पडक्या वास्तू त्याने मोजल्या, त्यांची रेखाटने केली.

नेमक्या याच काळात व्हेनिसची धनिक घराणी जमिनीकडे वळत होती. धान्याचे भाव चढत होते आणि तुर्कांच्या धाकामुळे समुद्रावरच्या व्यापाराची पूर्वीसारखी शाश्वती राहिली नव्हती. १५५६ मध्ये व्हेनिसच्या सरकारने पडीक जमिनींसाठी स्वतंत्र अधिकारीच नेमले. दलदली उपसल्या गेल्या, पाट निघाले, शेते उभी राहिली. मालकाला हंगामात तिथे मुक्काम ठोकणे भाग होते, आणि त्याला राहायचे होते इतमामाने.

पल्लादिओने त्यांना दिलेले घर आधी शेतकऱ्याचे आहे, मग उमरावाचे. खाली स्वयंपाकघर आणि तळघर, मधल्या मजल्यावर कुटुंब, माळ्यावर धान्य. दोन्ही अंगांना लांबच लांब पडव्या: गुरे, अवजारे, मळणीचा माल यांच्यासाठी. मालकाला पाऊस-उन्हाची तमा न बाळगता छपराखालून सगळीकडे देखरेख करता यावी, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. फान्झोलोच्या व्हिला एमोमध्ये पडव्यांच्या टोकांना कबुतरखानेही आहेत, आणि या सगळ्या कष्टाच्या जागांच्या मधोमध चार खांब व त्यांवर तो त्रिकोण. पल्लादिओच्या बऱ्याच घरांचे खांब दुरून दगडी वाटतात, पण ते विटांचे असून वरून गिलावा केलेला असतो. दगड घडवण्यात हात तयार झालेल्या माणसाने खर्चाचा एवढा विचार करावा, यात त्याचे मोठेपण आहे.

त्रिकोणामागचे कारण त्याने १५७०च्या ‘वास्तुकलेचे चार ग्रंथ’ या पुस्तकात दिले आहे. त्रिकोणाने प्रवेश ठळक होतो, घराला भारदस्तपणा येतो, घराण्याची चिन्हे लावायला जागा मिळते. आणि एक तर्क: देवळांनी हे रूप प्राचीन लोकांच्या घरांवरूनच उचलले असावे. तर्क चुकीचा होता. रोमन घरे तेव्हा कोणी धडपणे पाहिलीच नव्हती. पॉम्पेईचे उत्खनन सुरू झाले ते १७४८ मध्ये. तिथली घरे निघाली आपल्या वाड्यांसारखी, रस्त्याकडे पाठ फिरवून आतल्या चौकाकडे तोंड केलेली. पण तोवर जवळपास दोनशे वर्षे उलटली होती आणि त्या चुकीच्या तर्कावर अतिशय देखणी घरे उभी राहिली होती. व्हिचेन्झाबाहेरच्या टेकडीवरची ला रोतोंदा त्यांतली सर्वात विख्यात. तिला असे दर्शनी भाग एक नव्हे, चारही दिशांना चार आहेत.

पुस्तकातल्या लाकडी ठशांच्या चित्रांनी पुढचा प्रवास घडवला. इंग्रज वास्तुकार इनिगो जोन्सने १६१३-१४ मध्ये हा ग्रंथ हाती घेऊन इटली पालथी घातली आणि इंग्लंडला हे वळण लावले. अठराव्या शतकात तिकडे अशा हवेल्यांची लाटच आली. डर्बीशरमधले कर्झन घराण्याचे केडल्स्टन हॉल त्यांतलेच. त्याचा आराखडा पल्लादिओच्या व्हिला मोचेनिगोवरून घेतला गेला. मधल्या वास्तूपासून निघालेल्या चार वळणदार भुजा येणाऱ्याला जणू कवेत घेतात, असे तिचे वर्णन पल्लादिओनेच केले होते. केडल्स्टनला मात्र दोनच भुजा बांधून झाल्या. उत्तरेकडे सहा भव्य खांब आणि त्यांवर त्रिकोण आला, पण माळ्यावरचे धान्य गेले. शेताशी असलेले नाते असे तुटले, ही या कुळकथेतली खरी हानी.

केडल्स्टनच्याच धर्तीवर चार्ल्स वायटने गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्लीसाठी कोलकात्यात गव्हर्नमेंट हाउस बांधले. १८०३ मध्ये ते पुरे झाले, आणि डर्बीशरमध्ये राहून गेलेल्या दोन भुजाही इथे उभ्या राहिल्या. चार बाजूंना पसरलेल्या या आराखड्यातून बंगालच्या उकाड्यात वारा खेळता राहतो. १८९९ मध्ये या घरात व्हाइसरॉय म्हणून राहायला आला जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन. त्याचा जन्म केडल्स्टनचाच.